नावात एकदाच बदल

प्रिय धाकट्या,

तुझी राजवाड्याची सहाही तिकिटं या पत्रासोबत जोडली आहेत. पण ती आधी बाहेर काढू नकोस. आधी पत्र वाच. लहानपणापासून तुला पाकिटातलं आधी काढायची घाई, म्हणून मुद्दाम सांगतेय.

वेळ सकाळी साडेनऊची मिळाली, तुला हवी होती तीच. साठ दिवस आधी बरोबर दहाला विक्री उघडते आणि सकाळची वेळ सात-आठ मिनिटांत संपते. तीन कॉम्प्युटर लावून बसले होते. ऑफिसातल्या पोरी हसत होत्या, म्हणे बाई परीक्षेला बसल्यासारख्या काय बसलात! वीस वर्षं लोकांना परदेशातली तिकिटं काढून देतेय, पण घरचं काम असलं की अजून प्रत्येक नाव तीनतीनदा तपासते. तू मात्र व्याह्यांपुढे सांगून मोकळा झालास की आमच्या ताईच्या डाव्या हातचा मळ आहे. लेकीच्या लग्नानंतर दोन्ही घरांची पहिली सहल, तिथे तुझा रुबाब दिसायलाच हवा, नाही का?

सहा वर्षांपूर्वीही मी अशीच बसले होते. तेव्हा चार तिकिटं होती, तू, तुझी बायको, लेक आणि आई. खरं तर ती सगळी सहलच मी आईसाठी तुझ्या गळ्यात मारली होती. आईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. त्या राजवाड्यात राणीचा राज्याभिषेकाचा झगा काचेत ठेवलाय, हे तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि कात्रण मशीनच्या खणात ठेवून दिलं. तिला सोनंनाणं बघायचं नव्हतं. त्या झग्याला आतून अस्तर कसं लावलंय आणि एवढ्या मण्यांचं वजन शिवण कशी पेलते, तेवढं बघायचं होतं. मी तिला म्हटलं होतं, वेळ ठरवून घेतलेलं तिकीट आहे, रांगेत उभं राहायला नको, गुडघ्यांची काळजी करू नकोस.

तुम्ही परत आलात तेव्हा मी धावत गेले. झगा कसा होता विचारलं. आई म्हणाली, छान होता, आणि भांडी विसळायला उठली. नंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं विषय बदलला. मला फार लागलं रे. वाटलं, आपण जिवाचं रान केलं आणि हिला दोन शब्द बोलावेसे वाटत नाहीत. त्यानंतर मी आईकडे जाणं कमी केलं. गेले तरी चपला घालूनच बसल्यासारखी बसायचे. सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी जपून बोललो, आणि का, ते मला ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यापूर्वी तू फोन केलास आणि म्हणालास, पासपोर्टचे नंबर परत कुठे शोधत बसू, तुझ्याकडे मागच्या वेळची फाईल असेल, त्यातून घे. अरे शहाण्या, तेवढं तरी बोलायचं नव्हतंस! मी फाईल काढली आणि तिच्यातल्या नंबरावरून राजवाड्याच्या साइटवरचं जुनं बुकिंग उघडलं. तुझं नाव, बायकोचं, लेकीचं, आणि चौथं नाव तुझ्या सासूबाईंचं. खाली एक ओळ होती, नावात बदल, एकदा, अर्जदाराच्या विनंतीवरून. तारीख निघायच्या पाच दिवस आधीची आणि ईमेल तुझा. तिकिटं थेट तुलाच मिळावीत म्हणून तिथे तुझा ईमेल मीच घातला होता.

सासूबाई ऐनवेळी सहलीला यायच्या ठरल्या, हे मला माहीत होतं. तिकीट कुठून आलं हे मी कधी विचारलं नाही, माझीच चूक. त्याच संध्याकाळी आईकडे गेले आणि समोर बसून विचारलं. खूप आढेवेढे घेतले तिनं. मग म्हणाली, चार तास बाहेर बाकावर होते, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. तू तिला सांगितलं होतंस की ताई तुझं नाव घालायलाच विसरली. आणि ती मला म्हणते काय, तुझ्या कामाचा केवढा व्याप, एखादं नाव राहून जातं, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. बाहेर बसवलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. पण माझ्या आईला माझ्याबद्दल सहा वर्षं हे वाटत राहिलं, ते मी तुला माफ करणार नाही. अजिबात नाही.

दीड महिना मी गप्प बसले. तू दोनदा फोन केलास, मी गोड बोलले. त्या काळात आईचा व्हिसा काढला, विमानाची दोन तिकिटं काढली, तिची आणि माझी. तुमच्याच हॉटेलात खोली घेतली.

आता काढ तिकिटं बाहेर. व्याही, विहीणबाई, जावई, लेक, तुझी बायको आणि आई. तुझं नाव होतं, ते आज सकाळी मी बदललं. तो बदल एकदाच करता येतो, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि त्या दिवसाचं एकही तिकीट शिल्लक नाही. आईला सगळं खरं सांगितलंय. ती रडली, मग म्हणाली, त्याला असं नको गं करूस. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकत नाहीये. तिला दारापर्यंत सोडायला मी येणारच आहे. तिथे व्याही तुला विचारतील, अहो, तुम्ही का येत नाही आत? तिकिटं संपली म्हणू नकोस, त्यांच्या हातात सहा असतील. ताई विसरली असंही म्हणू नकोस, आई तुझ्या शेजारी उभी असेल. काय सांगायचं ते ठरवायला तुझ्याकडे पंधरा दिवस आहेत.

अजूनही तुझीच,
ताई