पांढरीचे टेकाड आणि मामांचे माळवद

निंबटाकळी, स्टेशन चुडावा
दि. ४ फेब्रुवारी १९८५

चि. कुसुम हीस व्यंकटमामाचे अनेक आशीर्वाद.

कारण लय मोठं आहे, म्हणून कार्ड सोडून अंतर्देशीय घेतलं. गावामागचं पांढरीचं टेकाड तुला आठवतच असेल. भुजंगानं नवा ट्रॅक्टर आणलाय आणि रस्त्याच्या भरावाला माती घालायचं काम धरलंय. माती कुठली, तर म्हणे टेकाडाची. पाडवा झाला की खणायला सुरू. मी चावडीवर उभा राहून सांगितलं, की टेकाड म्हणजे जुनं गाव आहे, पार पांडवांच्या आधीचं. भुजंग म्हणाला, कागद दाखवा. मी म्हणालो, कागद आमच्या भाचीकडं आहे.

तर आता कागद पाठव. नकाशा कचेरीत आरेखक आहेस, साहेबाच्या मागच्या कपाटात काही ना काही असणारच. पांडवांचं नाव असलं तर उत्तम. शिक्का मोठा पाहून घे.

मामी बरी आहे. माळवदावरची माती काढा आणि पत्रे घाला, हे तिचं दर सालचं चालूच आहे. गेल्या पत्रात तू 'प्रकृती समाधानकारक' एवढंच लिहिलंस. असं डॉक्टर लिहितात, भाची नाही.

मामावरची माया आहे तेवढी राहू दे, आणि शिक्का विसरू नको.

तुझा
व्यंकटमामा

औरंगाबाद
दि. १३ फेब्रुवारी १९८५

ती. व्यंकटमामांस कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पांडवांचा कागद नाही.

जिल्हा गॅझेटियरमध्ये निंबटाकळीचे नाव नाही. पुरातत्त्वाच्या ज्या याद्या इथल्या ग्रंथालयात आहेत, त्यांतही नाही. निजामाच्या काळातला गावनकाशा मात्र सापडला. तो उर्दूत आहे. कचेरीतल्या जुन्या पेशकारांनी वाचून दिला. टेकाडाभोवती हद्द आखून आत 'पुरानी बस्ती' लिहिले आहे. दुसरा, मैलाला एक इंच मापाचा जुना सर्वेक्षण नकाशा. त्यावर टेकाडाशेजारी २८ हा आकडा आहे, म्हणजे भोवतालच्या जमिनीपासून अठ्ठावीस फूट उंच. दोन्हींच्या नकला अर्ज केल्यास कोणालाही मिळतात. कपाट कोणाच्याही मागे नाही.

यावरून टेकाड जुने आहे एवढे कळते. किती जुने, ते पुरातत्त्वाच्या माणसाने पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यांना अर्ज करू. त्यात आजची उंची लागेल. मोजून कळवावी, अंदाजे नको.

आणखी एक. लहानपणी तुम्ही मला टेकाडाच्या माथ्यावर बसवून चुडावा स्टेशनचा सिग्नल दाखवत होता. तो अजून दिसतो का? हे अर्जासाठी नाही.

मामींस नमस्कार. प्रकृती बरी आहे. दोन दिवस सर्दी होती. तुमचा लोभ कमी झाल्याचे आढळलेले नाही, तो तसाच राहावा.

कुसुम

निंबटाकळी
दि. २२ फेब्रुवारी १९८५

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर जावक क्रमांक तेवढा घालायचा राहिला. सर्दीची खबर दिलीस, बरं वाटलं.

उंची मोजली. वेळू उभा केला, कासरा ताणला, आसाराम मास्तरला साक्षीला घेतलं. सतरा फूट भरली. विश्वास बसेना म्हणून कासरा बदलला, तरी सतराच. बाकीचे अकरा फूट कुठं गेले म्हणशील, तर वारा आहे, पाऊस आहे, काळाचा महिमा आहे. तसंच लिही अर्जात.

सिग्नल आता दिसत नाही. स्टेशनाकडचे लिंब वाढले असतील.

लोभ वाढवावा. टेकाडासारखा झिजू देऊ नये.

व्यंकटमामा

ता. क. कुसुम, ह्यांनी पत्र डकवायला माझ्याकडं दिलं. कोपऱ्यात जागा हाय म्हणून लिहायले. वारा न्हाई अन् पाऊस न्हाई. टेकाड आमच्या डोक्यावर हाय. दर साली मिरगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची म्हणून ह्यांनी गाड्याच्या गाड्या आणल्या. सगळ्या गावानं आणली, पर ह्यांच्याइतकी कुणी न्हाई. पांढरी टाकली की घर गळत न्हाई म्हणत्यात. गळतंय. तुझी मामी, नर्मदाबाई.

औरंगाबाद
दि. ५ मार्च १९८५

ती. व्यंकटमामांस शि. सा. न. वि. वि.

उंचीचा आकडा मिळाला. त्यातील घट कशी झाली, तेही समजले. पत्र डकवण्याचे काम पुढेही मामींकडेच असू द्यावे.

अर्जात 'ग्रामस्थांनी घरांच्या छपरांसाठी माती नेली' असे खरे लिहिले आहे. काळाचा महिमा गाळला. पुरातत्त्वाचे किशनराव साहेब शनिवारी, १६ तारखेला जीपने येतील. खणणार नाहीत. टेकाडाचा पृष्ठभाग पाहतील आणि त्यावरून मत देतील. त्यांचे मत अनुकूल पडले तर भुजंगरावांना माती काढता येणार नाही; प्रतिकूल पडले तर मला आणखी काही करता येणार नाही.

मला रजा नाही. तुम्ही कसलीही तयारी करू नये, काही करायची गरज नाही.

माझ्याविषयी जे वाटते ते वाटत राहो.

कुसुम

निंबटाकळी
दि. १८ मार्च १९८५

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

लेकरा, घोटाळा झाला. तयारी करू नका असं तू लिहिलंस, पण पाहुणा येताना असं लिहायचीच रीत असते, म्हणून आम्ही तयारी केली. टेकाडावर जिकडं तिकडं खापऱ्या. साहेबाच्या पायात मोडायच्या, म्हणून बाया लावून एकूण एक वेचून काढल्या. पारूबाईनं तर बारके मणीसुद्धा सोडले नाहीत. वाया काही घालवलं नाही; जीप आपटू नये म्हणून सगळं ओढ्याजवळच्या खड्ड्यात भरलं. मग टेकाड खालपासून वरपर्यंत शेणानं सारवलं, रांगोळी काढली, माथ्यावर मांडव घातला. असा पृष्ठभाग जिल्ह्यात कुणाचा नसेल.

साहेब आले. टेकाडाला दोन चकरा मारल्या आणि विचारलं, खापऱ्या कुठं आहेत. मी छाती काढून सांगितलं, की आत्ता तुमची जीप त्यावरूनच आली. साहेब मांडवात मटकन खाली बसले. मी गुळाचा चहा पुढं केला तर नको म्हणाले. भुजंग ट्रॅक्टरवर बसून हसायलाय. म्हणाला, मामा, तुमच्या भाचीनं एवढे कागद जमवले आणि तुम्ही ते शेणानं पुसले.

तेवढ्यात तुझी मामी माळवदावरून ओरडली. ती वर कुरडया वाळत घालत होती. म्हणाली, साहेब, खापऱ्याच बघायच्या असतील तर वर या, रोज माझ्या पायाला टोचायल्यात. साहेबानं जोडे काढले आणि शिडीनं वर चढले. कुरडया चुकवत चुकवत बसून सरकायला लागले. शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडला, लाल मणी सापडला, काळ्या-तांबड्या खापऱ्या तर ओंजळभर. मग बारका खड्डा घेऊ का म्हणाले. मी हो म्हणायच्या आधीच मामी हो म्हणाली. साहेब इतके रंगले की खड्डा थेट स्वयंपाकघरात निघाला. तळाला निजामाचा पैसा होता. साहेब म्हणाले, जन्मात पहिल्यांदा टेकाड डोक्यावर उभं राहिलेलं पाहतोय.

भुजंगाला थांबायला सांगून गेले. पण टेकाडाला आता कुणी कुदळ लावायची नाही, त्यात मीही आलो म्हणे. मग भोक बुजवू कशानं?

लोभ आहेच. तोही वरून गळायला नको.

व्यंकटमामा

ता. क. भोक लय चांगलं पडलंय. न.

औरंगाबाद
दि. ३० मार्च १९८५

ती. व्यंकटमामांस शि. सा. न. वि. वि.

मी रीत म्हणून काही लिहीत नाही. याची पुढे नोंद असावी.

टेकाडाची नोंद झाली. भरावाची माती दुसरीकडून घेण्याचे ठरले आहे.

साहेब जे म्हणाले त्याचा अर्थ असा. टेकाडात सर्वांत जुने ते तळाशी आणि अलीकडचे माथ्याला असते. तुम्ही माथ्यावरून माती काढत आलात, म्हणून अलीकडची माती आधी माळवदावर गेली आणि जुनी तिच्यावर. त्यामुळे तुमच्या छपरावर निजाम खाली आहे आणि दोन हजार वर्षे जुना मणी वर. तुमच्या घराचा हा छेद मी कागदावर काढून साहेबांना दिला. कुरडयांचा थर दाखवलेला नाही.

भोक बुजवायला माती मिळणार नाही, तेव्हा मामींचे म्हणणे मान्य करावे आणि पत्रे घालावेत. माळवदाची माती अंगणात वेगळी ठेवावी. महाविद्यालयातली मुले येऊन चाळतील. ती कोणत्याही परिस्थितीत टेकाडावर परत टाकू नये.

नामांतराच्या मोर्चामुळे इथली एसटी बंद आहे, पत्र उशिरा पोचेल. त्यामुळे लोभात खंड पडू देऊ नये.

कुसुम

निंबटाकळी
दि. ९ एप्रिल १९८५

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. माती मागच्या सोमवारीच टेकाडावर परत टाकली.

रागवायच्या आधी ऐक. ज्याचं त्याला दिलं. वरची माती आधी काढली ती आधी टाकली, तळाची सगळ्यात शेवटी. तुझं पत्र वाचून आसाराम मास्तरनं फळ्यावर आकृती काढली, तर जुनं खाली आणि निजाम वर, म्हणजे सगळं जागच्या जागी गेलं की! निजामाचा पैसाही माथ्यावर ठेवला. भुजंगानं ट्रॅक्टर फुकट दिला. म्हणाला, माती काढायला नाही तर घालायला तरी लागू द्या.

माथा चार फूट वर आलाय. काल वर उभा राहिलो तर लिंबांच्या शेंड्यावरून चुडाव्याचा सिग्नल दिसला. लिंब वाढले नव्हते, बाई. आम्हीच खाली गेलो होतो.

व्यंकटमामा

ता. क. पत्रे बसले. माती टेकाडावर नेऊ नका असं तू लिहिशील हे मला ठाऊक होतं, म्हणून पत्र यायच्या आधीच उरकायला लावलं. दोन महिने अंगणात ढीग कोण ठेवणार? तुझी मामी.

औरंगाबाद
दि. १७ एप्रिल १९८५

ती. मामांस व मामींस शि. सा. न. वि. वि.

झाला प्रकार किशनराव साहेबांना लेखी कळवणे भाग होते, तसा कळवला. मग त्यांनी फायलीवर लिहिले, 'माथ्याचे चार फूट व्यंकटरावांनी रचलेले. क्रम बरोबर.' मुले तीच माती आता टेकाडावर येऊन चाळतील. मामींनी शिडी तयार ठेवण्याची गरज नाही.

नकाशाच्या नकलेवर २८ खोडून पेन्सिलीने १७ केले होते. आता २१ करावे लागेल. या कपाटांतल्या नकाशांवर टेकाडे कमी झालेली पाहिली, वाढलेले हे पहिलेच. पण वेळू आणि कासऱ्याने घेतलेल्या उंचीवर मी सही करू शकत नाही. स्वतः मोजणे आवश्यक आहे. चार दिवसांची रजा मिळाली आहे.

शनिवारी, २७ तारखेच्या पॅसेंजरने निघते. मामा, संध्याकाळी माथ्यावर जाऊन बसावे. सिग्नलचा हात खाली पडलेला दिसला, की त्या गाडीत मी आहे असे समजावे. कसलीही तयारी करू नये.

कुरडया चालतील.

तुमची
कुसुम