लेडीबेलचा डबा मलाच सापडणार

३० एप्रिल २००६, रविवार

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई लॉर्ना लिहिणार. मला अक्षर येत नाही. आमचे वडील खाणींमागे फिरायचे. गावात शाळा उघडेपर्यंत खाण बंद पडायची आणि आमचं बिऱ्हाड पुढे. तर ही रोजनिशी अगदी खासगी. मला स्वतःलासुद्धा वाचता येणार नाही, इतकी.

लॉर्ना बुधवारी आणि रविवारी ईली गावाहून माझा किराणा घेऊन येते, म्हणून नोंदी त्याच दिवशीच्या. बाकीचे दिवस ओस पडलेल्या लेडीबेल गावात मी, पडकी खाण आणि कोंबड्या.

आज दफनभूमीची झाडलोट झाली. महिन्याभराने डेकोरेशन डे. ज्यांची माणसं इथे पुरली आहेत ते सगळे फुलं घेऊन येतील. त्याआधी कचरा काढायचा हे सासूबाईंकडून माझ्याकडे आलेलं काम. यंदा काय निघालं? फुटक्या बाटल्या, तारा, उंदराचं घरटं. कुंपणाबाहेर दगडांच्या ढिगात एक छान घट्ट झाकणाचा डबा. आत पोरांची खेळणी, कागद, पेन्सिल. लोक काय वाटेल ते टाकून जातात! डब्यावर काहीतरी छापलंय, पण चंदेरी कागद गुंडाळला की दिसत नाही. लगेच गुंडाळला. माझ्या नवऱ्याच्या, एन्सेलच्या कबरीवर लायलॅकची फुलं ठेवायला बरा. कागद चुलीत घातले. प्लॅस्टिकचा बेडूक खिडकीत मिठाशेजारी. पेन्सिल लॉर्नाला दिली, त्याच पेन्सिलीने ती हे लिहिते आहे.

७ मे, रविवार

वायोमिंगच्या दोन बहिणी आल्या होत्या. हातात यंत्र धरून कबरींच्या कुंपणाला गोल गोल फिरत होत्या. मला वाटलं, चक्कर येऊन पडतील, म्हणून कॉफी दिली. म्हणाल्या, हा खेळ आहे. कोणीतरी डबा लपवतं, दुसऱ्यांनी शोधायचा. कुठे आहे ते वर आकाशातले उपग्रह सांगतात. मी म्हटलं, माझ्या गावातला डबा शोधायला उपग्रह कशाला, मला विचारा. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही दमू नका, सापडला की कळवते.

रिकाम्या हातांनी गेल्या. हसून हसून माझा कृत्रिम दात सैल झाला.

लॉर्ना लिहिता लिहिता थांबली. पेन्सिलीकडे बघत बसली. म्हणाली, आई, एक बोलू का? म्हटलं, तू लिहायला आली आहेस, बोलायला नाही.

१४ मे, रविवार

मदर्स डे. मुलगा रॉइस केक घेऊन आला. केक चांगला होता, रॉइस नव्हता. म्हणे, आई, हिवाळ्याआधी ईलीला चल, आमच्याकडे राहा. मार्चमध्ये विहिरीच्या वाटेवर तू चुकलीस. मी चुकले नव्हते. लांबच्या वाटेने आले, एवढंच. संध्याकाळपर्यंत.

मी म्हटलं, या गावातला दगड न् दगड मी ओळखते. तो म्हणाला, ओळखतेस ना? मग तू सांगितलास तो खेळातला डबा शोध. डेकोरेशन डेच्या आत सापडला तर ईलीचं नाव काढणार नाही. नाही सापडला तर यंदाचा हिवाळा आमच्याकडे.

हात मिळवला. रॉइसने लगेच हात पुसला. माझा हात केक खाऊन चिकट झाला होता.

लॉर्नाने टेबलाखालून कोणाला तरी लाथ मारली. ती मला लागली. म्हणाली, आई, ऐका तरी. म्हटलं, पैज आमची मायलेकांची आहे, तू मध्ये पडू नकोस आणि जे काय असेल ते मनात ठेव. रॉइसलासुद्धा सांगायचं नाही.

१७ मे, बुधवार

आराखडा ठरला. आधी जुन्या दारूगुत्त्याचं धुराडं, मग खाणीतला दगड दळायची गिरणी, मग दफनभूमीची पूर्व बाजू. काम दोन दिवसांचं. उरलेल्या वेळात पडदे धुवेन.

आतापर्यंत सापडलं: घोड्याचा नाल, कोणाची तरी कवळी, एन्सेलची तंबाखूची डबी. ही डबी हरवली म्हणून तो आयुष्यभर माझ्यावर संशय घेत होता. त्याच्या कबरीपाशी जाऊन सांगितलं. बरं वाटलं.

२१ मे, रविवार

गिरणीच्या पायथ्याशी खुळखुळ्या साप होता. तोही काहीतरी शोधत असावा. आम्ही दोघांनी एकमेकांची वाट सोडली.

गुडघा सुजला आहे. हे शोधण्यामुळे नाही, हवा बदलते आहे. उद्यापासून रोज पहाटे उठायचं. पडदे पुढच्या आठवड्यात.

लॉर्नाने गुडघ्याला बर्फ लावला. म्हणाली, आई, तुम्ही उगीच जीव काढताय. डबा म्हणजे... मी म्हटलं, लिही: माझा जीव चिवट आहे.

२४ मे, बुधवार

ज्याने डबा लपवला तो स्वतःच आला! ड्वेन नावाचा, निवृत्त दंतवैद्य. लोकांनी कळवलं की डबा मिळत नाही, म्हणून बघायला आला. आणि त्यालाही सापडेना! स्वतः लपवलेला! मी पोट धरून हसले. अंगणात बसवून मटण भरून भाजलेली पेस्टी खायला दिली. तो म्हणाला, मावशी, हा खेळ ठाऊक नसलेलं माणूस कधी कधी कचरा समजून डबा उचलून नेतं. मी म्हटलं, काय एकेक बावळट लोक असतात.

मग तो सांगायला लागला की डबा नेमका कुठे ठेवला होता. मी दोन्ही कान दाबून धरले. लबाडी करून मला जिंकायचं नाही.

लॉर्ना आत स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. रडत होती की काय कोण जाणे, हळवी आहे.

ड्वेनला डेकोरेशन डेच्या जेवणाला बोलावलं आहे. सगळ्यांसमोर त्याचा डबा त्याच्या हातात ठेवेन.

२८ मे, रविवार

उद्या पहाटे उत्तरेकडच्या दगडांत बघायचं राहिलं आहे. तिथेच असणार. बाकी सगळीकडे नाही, म्हणजे तिथेच. लायलॅक तोडून डब्यात पाणी घालून ठेवलं. एन्सेलला दाखवण्यासारखा गुच्छ झाला आहे. झोप लागेल असं वाटत नाही. उत्साहाने.

२९ मे, सोमवार. डेकोरेशन डे

पहाटे काही सापडलं नाही. धुकं होतं. लॉर्ना म्हणते नव्हतं.

दुपारी सगळे जमले. बटाट्याचं सॅलड, हॅम, कोणीतरी आणलेला करपलेला ॲपल पाय. एन्सेलच्या कबरीवर डबा ठेवला आणि वाऱ्याने आडवा केला. ड्वेन जवळच होता, उचलायला धावला. चंदेरी कागद फाटला. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. म्हटलं, काय झालं? त्याने वाचून दाखवलं. डब्यावर छापलं होतं: हा खेळाचा डबा आहे, कृपया हलवू नये.

सगळे माझ्याकडे वळले.  म्हटलं, म्हणजे मला सापडला! सगळ्यांच्या आधी! लॉर्नाला विचारा, तिने लिहून घेतलंय.

रॉइस ओरडेल, हसेल, वाद घालेल, अशी मी वाट बघत होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, हो आई, तू जिंकलीस. राहा इथेच. हे त्याने ज्या आवाजात सांगितलं ना, त्या आवाजात तो त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याशी बोलायचा.

मग मीच म्हटलं, हिवाळ्यापुरती येते. माझ्यासाठी नाही. लॉर्नाला एवढा लांबचा रस्ता बर्फातून कापायला नको, म्हणून. कोंबड्यांनाही बदल हवा आहे.

फुलं वाळेपर्यंत डबा एन्सेलकडेच राहू दे, असं ड्वेन म्हणाला. चांगला माणूस आहे. बेडूक परत दिला. पेन्सिल तेवढी हवी आहे त्याला, बाहेर गाडीत बसून थांबला आहे.

लॉर्ना म्हणते, आई, आता तरी बोलू का?

म्हटलं, बोल. लिहू नकोस.