घमेल्यातली नम्रता

प्रिय रोहिणीताईस,

तुझा धाकटा भाऊ सुजय याचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आम्ही रोह्यात खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना? (फोन केला असता, पण तू हसायला लागलीस की थांबत नाहीस. म्हणून हे पत्र आज पुढे येणाऱ्या मृणालीच्या हाती पाठवतोय. बायकोच ती, वाटेत फोडून वाचणारच.) परवा गुरुवारी दाजी पेणला परतले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी होते, हे तू पाहिलंच असशील. त्यांनी कारण सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

नाताळात तुमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मी केली. ती जरा लांबली, मान्य. पण मी नुकता आमच्या धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात दाजींनी मध्येच ‘आमेन’ म्हटलं आणि सगळे मला आणि देवालाही सोडून मटणावर तुटून पडले. तेव्हापासून मी तुमचा उंबरा चढलो नाही. तुमची आठवण यायची, खूप यायची, पण पहिलं पाऊल दाजींनी टाकावं असा माझा हट्ट. (नम्र माणसाचा मान कुणी राखायचा?)

होय, नम्र. कारण उपवासकाळात मी नम्रता हाती घेतली होती. येशूने शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी मंडळीचे पाय धुवायला कोण पुढे येईल, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. घरी मृणालीच्या पायांवर सराव केला. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पायाला हात लावलात, तो पण रंगीत तालमीसाठी!” असं ती म्हणाली. पाळकसाहेबांचा प्लास्टिकचा टब माझ्या नम्रतेला फारच लहान वाटला. म्हणून शेजारच्या रघूचं मोठं घमेलं आणलं. रघू हमरापूरहून कच्च्या गणेशमूर्ती आणून रंगवतो. त्याची बायको रंभा म्हणाली होती, “भाऊ, घासून न्या हां, तळाला रंग हाय.” मी ‘व्हय व्हय’ म्हटलं आणि तसंच नेलं. सगळ्या मंडळीचे पाय धुवायला निघालेला माणूस घमेलं कसं घासणार?

उपासना मेणबत्त्यांच्या उजेडात. मी भक्तिभावाने डोळे मिटून एकेकाचे पाय चोळत गेलो. शेवटच्या खुर्चीतला अंगठा हाताला ओळखीचा लागला, नख फुटलेला. वर पाहिलं तर दाजी! न बोलावता आले होते. मी पुन्हा डोळे मिटून चोळतच राहिलो.

“सुजय, डोळे उघड,” दाजी हळूच म्हणाले. “पाय बघ माझे.”

पाहिले. नव्या नवरीसारखे! मागे वळलो तर अख्खी मंडळी गुलाबी. पाळकसाहेबसुद्धा.

मी घमेलं उचलून पळणार, तर दाजी उठले. “बस आता खुर्चीत. तुझे ऱ्हायलेत.”

माझे पाय सकाळपासून कंपनीच्या बुटात होते. तेही कुणी बघेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. दाजींनी एकदा नाक आवळलं आणि त्याच पाण्यात ते धुतले. दुसऱ्याचे पाय धुताना मला फार बरं वाटत होतं. स्वतःचे धुऊन घेताना मात्र रडू आलं. “दाजी, नाताळापासून मी...” अशी माफी मागायला सुरुवात केली, तर ते मध्येच म्हणाले, “आमेन.”

बाकी सर्व ठीक. मुलांना पापे.

तुझा,
सुजय

ता. क. माफी अर्धीच राहिली आहे. उरलेली मागायला उद्या ईस्टरच्या जेवणाला येतोय. दार दाजींना उघडू दे. प्रार्थनाही त्यांनाच करू दे. (विसरले तर माझी तयार आहे. या वेळी आटोपशीर लिहिली आहे, दोनच पानं.)

ता. क. २ बैठकीवरची पांढरी चादर काढून ठेव. रॉकेलने घासूनही रंग जात नाही. आम्हा दोघांचे पाय अजून एकाच रंगाचे आहेत.