कमळीने अकरा दिवस काय खाल्लं

श्री

मु. वरचीवाडी, ता. जि. रत्नागिरी
११ डिसेंबर २०२४, बुधवार

सौ. संस्कृतीस व स्वरूपरावांस आजीचे पोटभर आशीर्वाद.

सौ. लिहिताना पेन जरा थांबलं, पण लिहिलंच. देवळात हार घातलेत, भटजी होते, वकिलाने कागद केले, मग सौ. नाही तर काय? इकडे सगळे बरे आहेत. तांबडी गाय व्यायली, पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. नाव तुझी आई ठेवते दरवेळी, पण सध्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, तेव्हा पाडी बिननावाची फिरते आहे.

तुझा निरोप शेजारच्या दीपालीने दाखवला. "आजी, हनिमूनला कुठं जाऊ आणि काय खाऊ, तूच सांग." मी एवढी हसले की ठसका लागला, दीपालीला पाठ चोळावी लागली. अगो, मला विचारतेस? माझं लग्न झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी खळ्यात भात झोडत होते. हनिमून हा शब्द मी तुझ्या आईबापाच्या लग्नात पहिल्यांदा ऐकला, आणि ते तरी कुठे गेले? रत्नागिरीला फोटो काढून संध्याकाळच्या एसटीने परत. पण मला आनंद झाला गो बाय. तू गेलीस त्या सकाळी ओटीवर रडारड चालली होती, तुझा मामा फोनवर ओरडत होता, आणि मी मागल्या दारी जाऊन गाईच्या कानात सांगून आले, "गेली बघ."

हे कागद दीपाली फोटो काढून तुला धाडेल आणि मग चुलीत घालेल. तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. मी फोनवर बोलायची नाही. घरातला फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो, आंघोळीला जाताना पण नेतो.

आता नीट ऐक. तुम्ही राजापुरात आहात असं दीपाली बोलून गेली. ते मला कळायला नको होतं. तिथून निघा. मी चार-पाच ठिकाणं सांगते, त्यातलं कुठलं धरलंत ते मला कळवू नका. का, ते पुढे येईल.

हातखंब्याकडे तोंड फिरवू नका. तिथे चहाच्या टपरीवर आपल्या गावचा कोणी ना कोणी मुंबईच्या गाडीची वाट बघत उभा असतो. मिरकरवाड्याला तर नकोच. स्वरूपरावांचे वडील तिथे जाळी शिवत बसतात, आणि येणारा जाणारा विचारतो, "काय हो, सून कुठं ठेवलीत?" ते म्हणतात, "बर्फात." माणूस गमतीचा वाटतो. खारव्यांच्या घरात पडलीस म्हणून इकडे सगळे छाती बडवतायत, मला तर मासे ताजे मिळणार एवढंच दिसतं.

स्वरूपरावांना जयगडला कामावर हजर व्हायला अजून बारा दिवस आहेत ना? तोवर मोटारसायकल खाली दक्षिणेला काढा. समुद्र उजव्या हाताला राहू दे, म्हणजे वाट चुकायची नाही.

जैतापूरची खाडी ओलांडली की पलीकडे सकाळची पेज घ्या. उकड्या तांदळाची, दाट, वर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. ती हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी दारात उभं राहून मागावी लागते. बाईमाणसाने मागितली तर नाही म्हणत नाहीत. स्वरूपरावांना मागायला लावू नको, पुरुषाला चहावर वाटेला लावतात. मी पण हल्ली पेजच घेते, म्हणून तीच आधी आठवली.

विजयदुर्गात किल्ला बघा, ऊन चढायच्या आत. देवगडला घावणे खा, नारळाच्या गोड रसात बुडवून. घावण्याला जाळी पडलेली पाहिजे. पडली नसेल तर करणारीला सांग, तवा तापला नव्हता. रागावेल, पण दुसरा घावणा नीट घालेल. कुणकेश्वराला पाया पडा आणि मग वाळूत बसून खाजं खा, आलं-गुळाचं. दात सांभाळून.

मालवणला म्हणे आता तोंडात नळी घालून समुद्राच्या तळाला नेतात, मासे बघायला. दीपालीने फोनवर दाखवलं. मासे बघायला एवढं खाली कशाला जायचं, ते ताटात वर येतात ना? पण तुला उतरायचं तर उतर. तू लहानपणी विहिरीत उडी मारलीस तेव्हा तुझ्या बापाने तुला बदडलं होतं, आणि मी भिजलेलं परकर-पोलकं वाळत घालताना हसत होते. उतर आणि वर आलीस की तिसऱ्यांचं सुकं खा, ओल्या खोबऱ्याचं. शिंपल्या चोखायला नवऱ्यासमोर लाजू नको. फक्त गुरुवार पाळ, मार्गशीर्ष आहे.

आता तू म्हणशील, आजीला हे सगळं कसं ठाऊक? पावसच्या पुढे ती गेलेली नाही.

खरं आहे. मी गेले नाही. कमळी गेली होती.

तुझी कमळाआत्या तू फोटोत बघितलीस, ओटीवर, हार घातलेली. तुला सांगितलं होतं की मुंबईला दिली होती आणि काविळीने गेली. तेही खरं. पण त्याआधी ती पळाली होती. एकोणीस वर्षांची होती, तुझ्याहून लहान. चिरेखाणीवर देवगडकडचा एक माणूस चिरे काढायला आला होता, बाबल्या नावाचा. अंगावर तांबडी धूळ आणि दात पांढरेशुभ्र. आमच्या विहिरीवर पाणी प्यायला यायचा. मी बघत होते आणि बघत नव्हते.

गेली तेव्हा तुझ्या आजोबांनी पाच दिवस माणसं फिरवली, थांग लागला नाही. मग मालवणहून कार्ड आलं. तिला वाटलं, आईला घोर लागला असेल. आणि मला, बाय, तेव्हा धड वाचता येत नव्हतं. दुसरीतून शाळा सुटलेली. अक्षर कमळीचं आहे एवढं कळलं आणि मी इतकी हरखले की अनिलला हाक मारली, तुझ्या बापाला. चौदा वर्षांचा होता. म्हटलं, वाच रे, मोठ्याने वाच. त्याने पडवीत उभं राहून वाचलं, "आई, मी सुखात आहे, बाबल्याच्या मावशीकडे आहे," आणि खाली सगळा पत्ता. तुझे आजोबा आत जेवत होते. हात न धुता बाहेर आले.

त्यांनी कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यांनी अनिलला तार करायला पाठवलं. आई सीरियस, लवकर ये. आणि मला म्हणाले, "तू पडून राहा."

मी पडून राहिले. दोन दिवस. अंगावर गोधडी, कपाळावर ओलं फडकं. मला म्हणाले, "एकदा उंबऱ्याच्या आत आली की बघू." मला पण वाटलं, येऊ दे, समोरासमोर बसून काही तरी निघेल. असं मी स्वतःला सांगितलं. निघणार काय होतं?

ती धावत आली गो. एसटीतून उतरून चढ धावत आली, श्वास लागला होता. बसली आणि फडकं बाजूला करून माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ गार. तिने हात लगेच काढला नाही. मग म्हणाली, "आई, ताप कुठाय?"

मी डोळे उघडले नाहीत.

महिन्याच्या आत तिला मुंबईच्या एका बिजवराला दिली. बाबल्या दोनदा आला होता, वाडीच्या लोकांनी त्याला वरच्या वर परतवलं. ती मुंबईहून गणपतीला यायची, कामाला वाघीण, बोलायची मात्र भिंतीशी बोलल्यासारखी. चौथ्या वर्षी ऋषिपंचमीला विळीवर नारळ खवत होती, पाठ माझ्याकडे. मी काही विचारलं नव्हतं. एकाएकी म्हणाली, "जैतापूरच्या पलीकडे आम्ही पेज प्यालो." मग एकेक सांगत गेली. कुठे घावणे, कुठे खाजं, कुठल्या बाईने तिसऱ्या दिल्या. अकरा दिवसांत काय काय खाल्लं ते सगळं. त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, नुसतं जेवण सांगितलं. तार आली तेव्हा ताटावर होती, म्हणाली, "भात कालवलेला तसाच राहिला." पाच नारळ खवून झाले, उठली, हात धुतले. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. आणि पुढे चार वर्षांनी गेलीच.

ते कार्ड माझ्यापाशी आहे. त्याच कार्डावर मी बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले, मग लिहायला. माझं अक्षर कमळीसारखं येतं असं तुझी आई म्हणायची, त्याचं कारण हे.

म्हणून म्हणते, पत्ता कळवू नका. मला आनंद झाला की मी ओरडते.

आता तुझ्या बापाचं. तो वाईट नाही. तुझ्या चपला दारात राहिल्या होत्या त्या पुसून आत ठेवल्यान. जेवताना तुझ्या जागेकडे बघत नाही. पण तुझा मामा रोज येतो, चिपळूणचं स्थळ धरून बसलाय, देवळातलं लग्न कोण मोजत नाही म्हणतो. परवा अनिल माझ्या खाटेपाशी येऊन बसला आणि म्हणाला,

"आई, तू नुसती पडून राहा. मी एक फोटो काढतो."

मी म्हटलं, "तार करायला तूच गेला होतास ना रे?"

"मी चौदा वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं ते केलं."

"आता त्रेपन्नाचा झालास. आता कोण सांगतंय?"

तो हळूच म्हणाला, "तेव्हा ते खोटं होतं, आई. आता खोटं कुठं हाय? रिपोर्ट कपाटात हाय."



तर हे तुला सांगायचं नव्हतं. तू राहशील सुखात आणि मी हळूच निघून जाईन, असं ठरवलं होतं. घशाच्या खाली गाठ आहे. दिवाळीपासून भात उतरत नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरने कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं, मी नाही म्हटलं. अठ्ठ्याहत्तर झाली, आता कोण कापाकापी करून घेणार? तुला कोणी सांगितलं नाही कारण मीच शपथ घातली होती. तू परीक्षेत होतीस, आणि नंतर तुझ्या तोंडावर मला दिसत होतं की तू निघायच्या तयारीत आहेस. कळलं असतं तर राहिली असतीस.

फोटो त्याने काढलाय. काल दुपारी गोळी घेऊन माझा डोळा लागला होता तेव्हा. दीपालीला दाखवलान, तिने मला सांगितलं. तोंड उघडं, कवळी काढलेली, हाताला सुईची पट्टी. कोणीही बघितला तर धावत येईल असा आहे. आज नाही तर उद्या तो तुझ्याकडे येईल. खाली काय लिहिलेलं असेल ते मला ठाऊक आहे.

तो फोटो खरा आहे, बाय. माझ्या कपाळाला हात लावलास तर ताप पण सापडेल. तरी येऊ नकोस.

आलीस तर मला बरं वाटेल, हे लपवत नाही. मला तुझा हात हवा आहे. परवा तहान लागली तेव्हा मी तुझ्याच नावाने हाक मारली, आणि तुझी आई पाणी घेऊन आली. पण तू आत आलीस की दार लागेल. मग मी असेन चार दिवस, नाही तर आठ. आणि तू त्या चिपळूणकराकडे पन्नास वर्षं. एवढा हिशेब मला दुसरीतल्या शाळेवर पण जमतो.

आणखी एक, मग कागद संपला. मी गेल्याचं तुला कळेलच, लपणार नाही. तेव्हा तुमच्यात भांडण नको, म्हणून रीत सांगून ठेवते. घरच्या लेकीसुनांना, कुवार नातींना माझं सुतक दहा दिवस. त्यांनी मासे शिजवायचे नाहीत, खायचे नाहीत. लग्न झालेल्या नातीला फार तर दीड दिवस, कारण ती दुसऱ्या घरची झाली. तुझा बाप दहा दिवस पाळायला सांगेल. म्हणेल, ती अजून आमचीच आहे. तू ते ऐकू नकोस. तू दीड दिवस पण पाळू नकोस, माझी परवानगी आहे, देवाला मी काय ते सांगेन. बातमी येईल त्याच दिवशी स्वरूपरावांना बाजारात पाठव, जे ताजं मिळेल ते आणायला सांग, मसाला लावून स्वतः तळ, आणि दोघं समोरासमोर बसून खा. रडू आलं तर रड, पण घास टाकू नकोस, ताट पुरं कर. कोणी बघितलं तर म्हणेल, आजी मेली आणि ही मासे खाते. म्हणू दे. मग कळेल सगळ्यांना, तू कोणाच्या घरची झालीस.

स्वरूपरावांना म्हणावं, काटे काढून देत जा तिला, तिला लहानपणापासून ती सवय मीच लावली आहे.

लांब राहा, पोटभर जेवा.

येऊ नकोस म्हणणारी,
तुझी आजी
सखू