न वाचता घेतलेला अंगठा

सर, परवा पतपेढीतला एक कारकून आला, कामावरून काढलेला. त्याचा अर्ज मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, तर म्हणाला, "मॅडम, मला वाचता येतं." म्हटलं, येत असेल, तरी ऐका. ही सवय तुमची. ती मला कशी लागली, हे मात्र तुम्हाला अर्धवटच माहीत होतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि मी तुमच्याकडे नवी होते. सकाळी एखाद्या हॉटेलवाल्याची केस, दुपारी दुसऱ्या हॉटेलातल्या वेटरची. लोक नावं ठेवायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "वकील दोघांलाबी लागतो. फकत एका भांडणात दोघांचा च्या प्यायचा न्हाई." ऑफिसात तुमचा नियम एकच: कागद अशिलाला वाचून दाखवायचा, आणि तो 'हाव' म्हणेपर्यंत शाईचा पॅड उघडायचा नाही. मला हा नियम जरा जुनाट वाटायचा.

त्याच सुमारास दुष्काळ पडला होता, तेव्हा डाळमिलमधली एक बाई आली. अकरा वर्षं डाळ निवडत होती. मुकादमाशी वाद झाला, म्हणून तिला गेटवरूनच परत पाठवलं. मग पोटासाठी ती रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागली. तिला नोकरी परत हवी होती, बाकी काही नाही. मी अर्जात क्रम उलटा लिहिला: आधी खडीवर गेली, नंतर मिलने घेतलं नाही. म्हणजे काम तिनंच सोडलं, असा अर्थ झाला. वाचून दाखवलं असतं तर तिनं तिथंच अडवलं असतं. नांदेडला लेबर कोर्टात तारखेला मिलच्या वकिलानं नेमकं तेच वाक्य वाचलं आणि विचारलं, "हा अंगठा तुमचाच ना?" ती 'हाव' म्हणाली. तुम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला, तो फेटाळला गेला. पुढं निकालही तसाच लागला.

त्या तारखेनंतर नांदेडच्या स्टँडवर आपण तिघं लातूरच्या गाडीची वाट बघतोय. तुम्ही मला विचारता, "वाचून दाखवलं होतंस का?" मी म्हणते, बाईंना घाई होती, पाण्याचा टँकर आला होता. तुम्ही तिच्याकडे बघता. ती माझ्याकडे बघते, जरा जास्तच वेळ, आणि म्हणते, "हाव सायेब, मलाच लई घाई व्हती. पोरीचा काय दोष न्हाई." तुम्ही तिच्यापुढं हात जोडलेत. "न्हाई बाई, चूक माझ्या ऑफिसाची हाय." मला एवढंच म्हणालात, की अशील घाईत असला तर त्याला उद्या बोलवायचं. तुमचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ती परत मिलमध्ये गेली नाही. पुढं भुसार लायनीत सांडलेलं धान्य झाडताना दिसायची. मी रस्ता बदलायचे, मला तिच्यासमोर जायची लाज वाटायची.

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. टँकर त्या दिवशी आला होता, सर, पण आमच्या गल्लीत. घरून निरोप आला आणि मला निघायची घाई झाली. ती निवांत बसली होती. "वाचून दावता का, ताई?" असं तिनं विचारलंही होतं. मी पॅड उघडत म्हटलं, बरोबर आहे सगळं.