पौडच्या नाक्यापर्यंत

आई, पाडव्यापासून सगळी बंदी उठली. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे कसली बंदी आणि ती कुणी घातली हे तुला आधी सांगायला हवं. एक आजार आला होता. माणसाच्या श्वासातून तो दुसऱ्या माणसाला लागायचा. म्हणून सरकारने माणसांनी माणसांकडे जाणंच थांबवलं. एसटी बंद, शाळा बंद, देवळांना कुलपं. आपल्या माले गावच्या रस्त्यावर गावकऱ्यांनी बाभळीच्या फांद्या आणून आडव्या टाकल्या होत्या आणि चारचौघे आळीपाळीने तिथे राखणीला बसत. बाहेरचं माणूस आत नाही, आतलं बाहेर नाही. मध्येच ढील मिळायची, पुन्हा आवळायचं. असं दोन वर्षं चाललं. आता तोंडावरची पट्टीसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली आहे. बाभळीच्या फांद्या तर केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेल्या.

शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची धरणाकडे पुन्हा रांग लागते. कणसं भाजणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला परत दिसू लागल्या. जो तो मला विचारतो, बाई, सुटलो की नाही एकदाचे? मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे गावाला मी अजून बाईच आहे आणि बाईंनी बरोबर उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी म्हणते, सुटलो. पण आतून काही वाटत नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय. रेडिओवर बंदी उठल्याची बातमी लागली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ऐकलं आणि निवडत राहिले. मग थोड्या वेळाने ध्यानात आलं की आपल्याला वाईट वाटतंय. सगळं गाव हसतंय आणि या बयेला वाईट वाटतंय. तू असतीस तर माझ्याकडे नुसतं बघितलं असतंस आणि मला बोलावंच लागलं असतं.

तुला आठवतं? मी दहा वर्षांची आहे. तू फडक्यात भाकरी बांधते आहेस, वरच्या आळीत कुणी गेलंय. त्यांच्या चुलीला आज जाळ नाही म्हणून आपल्या चुलीवरचं पिठलं तिकडे जायचं आहे. धाकटी लहान म्हणून घरी, मी तुझ्या बोटाला. वाटेत तू मला सगळं शिकवतेस. दारातून हाक मारायची नाही. पाणी मागायचं नाही. कसं झालं, काय झालं असं विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं. बस म्हणेपर्यंत ताटकळायचं नाही, आपणच भिंतीशी बसायचं. एवढं सगळं मी नीट केलं आणि निघताना मात्र, चांगल्या वळणाची मुलगी म्हणून, त्या घरच्या काकूंना म्हणाले, "येते हं." तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की तो चार दिवस निळा होता. बांधावरून परत येताना तू माझं बोट सोडून पुढे चालत राहिलीस. मग म्हणालीस, "हितनं जाताना येते म्हनायचं नसतं. ह्या कामाला परत कोन येतंय? गुमान उठायचं आन चालाया लागायचं." आणि घर जवळ आल्यावर, जरा निवळून, "लग्नाला न्हाई गेलं तर चालतंय, मयताला जायाला पायजे." हे तू पुढे इतक्या वेळा म्हणालीस की आम्ही दोघी बहिणी तुझ्यामागून तोंड वेंगाडून तुझी नक्कल करायचो.

धाकटी लवळ्याला दिली हे तू पाहिलंस. पुढचं पाहिलं नाहीस. तिथे डोंगरावर मोठमोठी कॉलेजं झाली, होस्टेलं झाली, आणि त्या दोघांनी घराच्या पुढच्या खोलीत पोरांसाठी खानावळ काढली. ती पोळ्या लाटायची, मेहुणे भाजी चिरायचे आणि वाढायचे. त्यांना मूलबाळ झालं नाही, पण दिवसाला साठ-सत्तर पोरं त्यांना मावशी आणि काका म्हणायची. मेहुणे वाढताना प्रत्येकाला विचारायचे, आज घरी फोन केलास का? नाही म्हणणाऱ्याला दुसरी पोळी उशिरा मिळायची. मग आजार आला, होस्टेलं रिकामी झाली. आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मेहुण्यांना रुग्णवाहिका घेऊन गेली. आठ दिवसांनी फोन आला. घरी आणलंच नाही त्यांना. प्लास्टिकमध्ये बांधून परस्पर नेलं. धाकटीने लांबून पाहिलं म्हणते, पण पाहिलं ते तेच होते की दुसरं कुणी, याची तिला आजही खात्री नाही.

त्या दिवशी तिने मला फोन केला. ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, ये. नुसती येऊन बस. लांब बस, पन बस." शेजारचे डबा पायरीवर ठेवायचे, दाराला काठी वाजवायचे आणि ती उघडेपर्यंत लांब जाऊन उभे राहायचे. त्यांचं तरी काय चुकलं? जो तो घाबरला होता. आई, माझा नवरा गेला तेव्हा सगळ्यांत आधी धाकटी आली होती. तेरावा झाल्यावर लोक पांगले, तीही जाईल असं वाटलं, तर ती खानावळ मेहुण्यांच्या गळ्यात टाकून महिनाभर माझ्याजवळ राहिली. मी जेवत नव्हते तर तीही जेवायची नाही. शेवटी तिची कीव येऊन मी जेवायला लागले.

मी पोलीस पाटलांकडे गेले. माझेच विद्यार्थी ते, पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण माणूस कामाचा. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली, मयताच्या कामासाठी जात आहेत, जाऊ द्यावे, खाली सही-शिक्का. वर दुधाच्या टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. दुधाला परवानगी होती, तो रोज सकाळी पिरंगुटकडे जायचा. बाईंना पुढे बसवून लवळे फाट्याला सोड, असं त्याला बजावलं. सगळी सोय झाली, उद्या सकाळी निघते म्हणून धाकटीला फोनवर सांगितलंही. मी पिशवी भरली. चहाची पूड, साखर, तांदूळ, दोन लुगडी. तू शिकवलंस तसं पिठलं-भाकरीही बांधली. पहाटेच उठून केली.

टेम्पो आला. हॉर्न वाजला. मी दाराच्या आत पिशवी धरून उभी होते. मला साखरेचा त्रास आहे, तेव्हा तशा लोकांना हा आजार सोडत नाही म्हणत. शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेचं असंच झालं होतं, मागच्याच आठवड्यात. हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं असं मी तुला सांगू शकते, पण तसं नाही. डोक्यात काहीच नव्हतं. हॉर्न पुन्हा वाजला. टेम्पोवाला उतरून ओट्यापर्यंत आला, म्हणाला, बाई, चलता ना? मी आतून म्हणाले, माझं जाणं राहिलं. तो म्हणाला, बरं. टेम्पो गेला. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यातली भाकरी काढून खाल्ली. कारण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

दुपारी धाकटीचा फोन आला. मी काय सांगायचं ते ठरवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "पौडात अडवलं व्हय गं?" मी म्हणाले, "व्हय." एवढा एकच शब्द. लवळ्याच्या वाटेवर पौडला नाका होता, पोलीस खुर्च्या टाकून बसायचे, लोकांना माघारी धाडायचे, हे सगळं खरंच होतं. माझ्या शब्दाला कुठे फट नव्हती. मग पोलिसांना तिने अशा शिव्या दिल्या की तुला लाज वाटली असती. आणि मग ती रडली. नवरा गेल्यावर पहिल्यांदा ती तेव्हा रडली, असं पुढे तिनेच मला सांगितलं. ताई पौडपर्यंत आली होती, म्हणून रडली.

त्यानंतर वर्षभर मी बंदीच्या आडोशाला राहिले. ढील मिळायची तेव्हा आमच्या गावात रुग्ण निघायचा, आमच्याकडे नसला तर लवळ्यात. कुठेच नसला तर मला खोकला यायचा. सरकारने जेवढी बंदी घातली त्यापेक्षा चार बोटं जास्तच मी पाळली. धाकटीही म्हणायची, नको येऊस, परत अडवतील, उन्हातान्हात माघारी जायला लागेल. ती मला जपत होती. ज्या नाक्यावर मी गेलेच नाही त्या नाक्यापासून ती मला जपत होती. म्हणून, आई, रेडिओवर ती बातमी ऐकून मला वाईट वाटलं. गावाची बंदी उठली, माझं दार उघडं पडलं.

मग गेले. जायलाच लागलं. पाहते तर धाकटीच्या घरी बायकांची ही गर्दी. बंदी उठली तसे जे वर्षभर आले नव्हते ते सगळे दुखवट्याला येऊ लागले होते. रोज दोन-चार घरं. आलेली प्रत्येक बाई दारातूनच गळा काढायची, धाकटीला मिठी मारायची आणि धाकटीला तिच्याबरोबर नव्याने रडायला लागायचं. तिचं रडणं संपून गेलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी आलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून ती रडत होती. खानावळीची लांब बाकं भिंतीला उभी करून ठेवली होती. मी भिंतीशी बसले, तू शिकवलंस तशी. मला रडू आलं नाही. बायकांनी माझ्याकडे पाहिलं तशी धाकटी त्यांना म्हणाली, "आमची ताई तवाच निघालीवती. पौडापातुर आली. नाक्यावरनं पोलिसांनी मागं धाडली." एका म्हाताऱ्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि किती तडफडली असशील गं, असं काहीसं म्हणाली. मी मान हलवली. आई, त्या घरात मेहुण्यांच्या खालोखाल माझाच दुखवटा चालला होता.

संध्याकाळच्या एसटीसाठी उठले. गुमान उठले आणि चालायला लागले. धाकटी मागून रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, येते म्हन."

मी म्हणाले, हितनं म्हणत नाहीत, आईने काय सांगितलं होतं?

"ठावं हाय," ती म्हणाली. "वरीसभर कुनी आलं न्हाई. आता जो येतोय तो न बोलता उठून जातोय, आन परत कुनीच येत न्हाई. तू म्हन."

मी म्हणाले, "येते."

त्याला आज पाच आठवडे झाले. होस्टेलं भरली आहेत. धाकटीने बाकं परत मांडली, एक बाई पोळ्यांना ठेवली, पण वाढायला माणूस नाही. काल तिचा फोन होता. पोरं काकांना शोधत येतात म्हणे, त्यांना सांगता सांगता भाजी करपते. महिनाभर येऊन राहशील का म्हणाली. मग स्वतःच हसली, "आता पौडात अडवाया कोन न्हाई."

मी हो म्हणाले. आज सकाळी पिशवी भरली. पत्र्याच्या डब्यात पोलीस पाटलांची ती चिठ्ठी अजून आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही, नाक्यावर कुणाला दाखवायची वेळच आली नाही ना. तीही पिशवीत टाकली. म्हटलं, धाकटीपुढे ठेवायची आणि भिंतीशी बसायचं. मग ती म्हणेल ते ऐकायचं. आपल्या गावच्या फाट्यावर गेले. एसटी आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, मावशी, येताय का? मी म्हणाले, पुढच्या गाडीने. कोणी अडवलं नव्हतं. पोलीस नव्हता, फांद्या नव्हत्या, तोंडाला पट्टीही नव्हती. घरी आले आणि तुला लिहायला बसले, कारण तुला सांगणं सोपं आहे. तू काही पौडपर्यंत आलेली ताई मनात धरून बसलेली नाहीस.

पुढची गाडी चारला आहे. आता साडेतीन वाजत आले. या गाडीने मी जाणार आहे, आई, हे मात्र खरं धर. पोरांना वाढेन, घरी फोन केला का म्हणून विचारेन, आणि महिन्याने निघताना येते म्हणेन. हे पत्र घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवते. चिठ्ठीही त्यातच परत ठेवली आहे, आत्ताच, तुला लिहिता लिहिता.