गाडी थांबली की भट्टी

२१ एप्रिल, सोमवार

एसी बिघडला. सरळ मेला असता तर बरं – हा रुसलाय. गाडी पळाली की जरा गार वारा सोडतो, थांबली की चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखं. मांडवगणपासून दौंडपर्यंत सारजा पदराने वारा घेत आली. डायलिसिस करून परत येताना तर पदर हलवायचंही बळ नव्हतं तिच्यात.

तिच्या किडन्या थकल्या. आठवड्याला दोन वेळा दौंड. डॉक्टरने दिवसाला लिटरभरच पाणी सांगितलंय, जादा झालं की छातीत साठतं. आणि ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय. तहान लागली की ही बर्फाचा खडा जिभेवर धरते आणि खिडकीबाहेर बघत बसते. म्हणून एसी पाहिजे. चैनीसाठी नाही. गावाला मात्र वाटतं, चेअरमन पडले तरी थाट सुटत नाही.

पाडव्यापर्यंत सत्यजीत न्यायचा तिला. आमचे चिरंजीव, रांजणगावला कंपनीत. आता मी नेतो. घरी बसून तरी काय करायचंय? गावची विकास सोसायटी लोकांनी निवडणुकीत दुसऱ्याच्या हाती दिली. चालवू दे त्याला!

२२ एप्रिल, मंगळवार

शिरूरला शंभूच्या गॅरेजात, सारजाही बरोबर. गाडी आत शिरली की माणसं आपोआप बाजूला होतात, पाटी बघून. पाडव्याला आपल्या पॅनेलच्या पोरांनी बसवून दिली – पितळी, पुढच्या जाळीवर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. 'माजी' बारीक, 'चेअरमन' ठळक. एवढी पाटी तालुक्यात कुणाच्या गाडीला नसेल.

शंभू एसीतला मोठा जाणकार म्हणे. नळ्या लावल्या. काट्याकडं बघितलं, बॉनेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. निदान काय? "बघतो आबा." सारजाला गाडीत बसवून मी चहाला गेलो. परत आलो तर बॉनेट बंद.

"झालं?"

"गाडी चालती ठेवा आबा. थांबवू नका. म्हंजी गार लागंल."

वा रे इंजिनिअर. उद्या पंक्चरवाला म्हणेल चाक फिरवू नका, म्हणजे हवा टिकेल. पैसे द्यायला गेलो तर हात मागं घेतला. काम न केल्याची एवढी तरी लाज आहे म्हणायची.

२४ एप्रिल, गुरुवार

शंभू वैद्यांचं पथ्य पाळलं. जवळचा रस्ता सोडला, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस असा हायवेने फिरून गेलो. ब्रेकला पाय लावायचा नाही. गार लागलं, खोटं का बोला. पण दवाखान्याच्या दारात गाडी पळती ठेवता येत नाही, ही या शास्त्रातली एक बारीकशी अडचण.

वॉचमनने पाटी बघून सलाम ठोकला आणि गाडी थेट सावलीत लावून दिली. सारजा म्हणाली, "बघा, अजून वळखत्यात लोक." चेहरा घामाने निथळत होता आणि कौतुक माझं करत होती.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज पारावर माझ्या एसीची ग्रामसभा भरली. ज्यांच्या घरी टेबलफॅन धड फिरत नाही ते सगळे तज्ज्ञ. एकाचं मत गॅस, दुसऱ्याचं बेल्ट, तिसऱ्याच्या मते गाडीला नजर लागलीय, लिंबू बांधा. गेणबा म्हणाला, "आबा, फुडच्या जाळीला वलं पोतं बांधा. गार वारा आत येतो."

म्हणजे पाटी पोत्याखाली! निवडणुकीत हा गेणबा कुणाच्या टेबलावर चिठ्ठ्या फाडत बसला होता ते मला चांगलं माहीत आहे. पराभव करून पोट भरलं नाही, आता नावही झाकायचंय.

सत्यजीतचा फोन. "आबा, काचांना जाळीचे पडदे लावून घ्या." तोही तज्ज्ञ.

२८ एप्रिल, सोमवार

सारजा डायलिसिसला आत, मी बाहेर दौंडात हौशीरामच्या गॅरेजात. हा शंभूसारखा आभाळाकडं बघत नाही. सरळ म्हणाला गॅस कमी आहे, आणि भरला. बाटली रिकामी होईतो भरला. लग्नात वाढपी आग्रह करतात तसा.

परत येताना होता तो गारवाही गेला. सारजाने बर्फाचा डबा घरी पोचायच्या आधीच संपवला. तक्रार एक शब्द नाही. मी हौशीरामच्या सात पिढ्या काढल्या तर म्हणाली, "चूक व्हती माणसाची. तुम्ही तापू नका."

तापू नका म्हणे. गाडीच्या त्या डब्यात तापण्याशिवाय दुसरं काय होतं!

१ मे, गुरुवार

सकाळी झेंडावंदन. नवा चेअरमन काचा बंद करून गाडीत बसला होता. मला बघून काच खाली केली आणि विचारलं, "आबा, घाम लय आलाय, तब्येत बरी ना?" गार हसत होता मेला.

दुपारी दौंड. हौशीरामने पंखा बदलला. नवा पंखा तीच गरम हवा जास्त आवाजात फिरवतो.

५ मे, सोमवार

हौशीरामने मागच्या सोमवारी भरलेला जादा गॅस आज काढला. भरायलाही हाच, काढायलाही हाच. मग गाडीच्या पुढं उकिडवा बसला, पाटीच्या कडेने हात घातला, आणि उठून डोक्याची टोपी काढली. कुणी वारल्याची बातमी द्यायला आल्यासारखा.

"आबा, रागावू नका. या जाळीच्या मागं अजून एक जाळी असती. गॅस तिथं गार हुतो. तिला वारा लागाया पायजे. तुमची पाटी समदा वारा अडवती. काढून बघू का?"

"कुणाच्या पॅनेलचा रे तू?"

"मी दौंडचा हाय आबा. मला तुमच्या सोसायटीत मतच न्हाई."

मत नसून ही तऱ्हा, असतं तर काय केलं असतं? पाटीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि निघालो. नळी नाही, बेल्ट नाही, पंखा नाही, दोष काय तर माझ्या नावाचा. एवढं सोपं असतं तर शंभूला पहिल्याच दिवशी नसतं कळलं?

येताना सारजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पाटी. एवढं काय उकडत न्हाई." कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

८ मे, गुरुवार

बोटांना फोड आलेत. तरी लिहितो.

डायलिसिस झालं, बीपी खाली होतं. नर्स म्हणाली, घरी नेऊन झोपवा. आणि नेमके रेल्वेपुलाखालच्या मोरीपाशी अडकलो. पुढं ट्रक, मागं टेम्पो. एसीतून भट्टी. काचा उघडल्या तर ट्रकचा धूर आणि ऊन. बर्फाचं पाणी झालेलं. मी बडबडत होतो – नगरपालिका, रेल्वे, नवा चेअरमन, सगळ्यांचा उद्धार. मधेच लक्षात आलं, सारजा हुंकार देत नाही. बघतो तर मान खांद्यावर.

भ्यालो. इथं कोण वाचणार आहे – लय भ्यालो. सारजा, सारजा म्हणून हाका मारल्या. उरलं पाणी तिच्या तोंडावर शिंपडलं. तिने डोळे उघडले, पण ओळख नसल्यासारखे.

मागच्या टेम्पोवाल्याकडून पाना घेतला आणि भर रस्त्यात गाडीच्या पुढं बसलो. चार बोल्ट. पितळ इतकं तापलं होतं की बोटं भाजली. लोक हॉर्न वाजवत होते, एक जण मोबाईलवर शूटिंग घेत होता. घे म्हणलं. पाटी काढून मागच्या डिकीत टाकली.

आत बसलो तोवर हवा बदलायला लागली होती. थोड्या वेळात गार. गाडी जागची हललेली नसताना गार. सारजाने तोंड त्या वाऱ्याकडं केलं आणि हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला. मोरी मोकळी होताच मी गाडी वळवून पुन्हा दवाखान्यात नेली. सलाईन लावलं. संध्याकाळी घरी आलो. बरी आहे.

पाडव्यापासून तिला मी माझ्याच पाटीमागं शिजवत होतो. वर सगळ्या मेकॅनिकांना अकलेचे कांदे म्हणत होतो.

९ मे, शुक्रवार

शिरूरला गेलो, खास शंभूला झाडायला. माझी चूक आहेच, पण तू जाणकार ना? एवढी पितळी भिंत तुला दिसली नाही?

शंभूने हात पुसले. "दिसली व्हती आबा. पहिल्याच दिवशी."

"मग तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही चहाला गेला तवा काकूंना सांगितलं, पाटी काढाया लागंल. काकूंनी गळ्याची शपथ घातली. म्हणल्या, त्यांना बोलायचं न्हाई. मग मी तरी काय सांगणार? गाडी चालती ठेवा म्हणलं."

भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला. रस्ताभर एसी बर्फासारखा गार. मला सोसवेना, बंद केला.

१० मे, शनिवार

सारजाला विचारलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, हात थांबला नाही.

"निवडणुकीत पडल्यापास्नं तुम्ही उंबरा वलांडत न्हवता. जेवत न्हवता धड. पोरगं रातपाळी करून मला न्यायचं, पेंगत पेंगत. एकदा गाडी रस्त्याकडंच्या चारीत गेली, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई. पाटी बसली आन् तुम्ही आपणहून चावी मागितली. मला काय वो, घाम पुसता येतो."